ऑपरेटरबाईंचं शून्य

२० फेब्रुवारी, रविवार. रद्दी काढायची आहे. रद्दीवाला उद्या सकाळी येतो, त्याआधी दारामागे आणि माळ्यावर साठलेले खोके खाली घेऊन त्यांच्यावरचे पत्ते काढून टाकायचे आहेत. पत्ता म्हणजे ते पांढरं चिकट लेबल. त्यावर नाव, विंग, फ्लॅट, फोन, आणि एखाद्या आगाऊ कंपनीचं असेल तर आत काय आहे तेही. नखाने ते निघत नाही. ओलं फडकं ठेवून भिजू द्यायचं, मग बोथट सुरीने खरवडायचं. पद्धत माझी नाही, पण आता सवय माझीच झाली आहे.

शेजारी फोन ठेवलाय. त्यावर परवापासून डोळ्यांच्या हॉस्पिटलचा मेसेज येऊन पडलाय. ‘आदरणीय पालक, नवीन कायद्यानुसार आपल्या पाल्याची वैयक्तिक माहिती आमच्याकडे जतन करण्यास आपली संमती आहे का? हो / नाही. कृपया सोमवारपर्यंत कळवावे.’

मला मूलबाळ नाही. ज्यांना हे हॉस्पिटल माझं पाल्य समजतंय त्या सत्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि दिवाळीनंतर वारल्या. हो म्हणायचं की नाही, एवढंच काम आहे. तीन दिवस झाले, मी खोके खरवडतेय.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना चाललं नसतं. दारावर पितळी पाटी होती, चकचकीत आणि पूर्ण कोरी. दर दिवाळीला चिंच-मीठ लावून घासायच्या. मी पहिल्यांदा विचारलं, “नाव नाही घालायचं तर पाटी कशाला?”

“पाटी नसली तर लोक विचारतात, पाटी का नाही. कोरी असली की वाचायचा प्रयत्न करतात, आपलाच चष्मा पुसतात आणि निघून जातात.”

त्या आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आधी ट्रंक कॉल जोडायच्या. पुढे थेट फोन लागायला लागले तेव्हा चौकशीच्या टेबलावर बसवलं, तिथे लोक विचारतील त्याचा नंबर शोधून द्यायच्या. लग्न केलं नव्हतं. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांना कोणी काकू म्हटलं की त्या म्हणत, “तुमचे काका कोण ते आधी सांगा, मलाही उत्सुकता आहे.” मावशीही चालत नसे. शेवटी मी ‘ऑपरेटर’ म्हणायला लागले, ते त्यांना पसंत पडलं. त्या मला ‘सेक्रेटरी’ म्हणत, कारण सोसायटीचं ते काम दुसऱ्या कोणी घेतलं नव्हतं. दोघींचा व्यवहार हुद्द्यांवर चालला. मी पाइप-फिटिंगचं दुकान चालवते, मला हुद्दा पुरतो.

त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं म्हणजे शिक्षा. चपलांच्या दुकानात पोरगी म्हणाली, “मॅम, मोबाइल नंबर?”

“मी चप्पल घ्यायला आलेय. स्थळ सांगून आलेलं नाही.”

“नाही मॅम, बिलासाठी लागतो.”

“बिल पायाचं की फोनचं?”

“मॅम, नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जातच नाही.”

“मग लिहा. शून्य. शून्य. शून्य.” अशी दहा शून्यं त्यांनी सावकाश सांगितली, एक्स्चेंजमधल्या त्या स्वच्छ, सपाट आवाजात. पोरीने मुकाट्याने दाबली. सिस्टिम पुढे गेली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सरळ खोटा नंबर द्यायचा.”

“तो कोणाचा तरी खरा असतो, सेक्रेटरी. त्या बापड्याने काय घोडं मारलंय? शून्य कोणाचंच नसतं.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, “तीस वर्षं मी लोकांना विचारलं, नंबर प्लीज. आता सगळं गाव मला विचारतंय. फेडतेय.”

मी एकदा त्यांना पकडलं होतं. म्हटलं, “तुमच्या खात्याची ती जाडजूड डिरेक्टरी घरोघर पडलेली असायची. त्यात नाव, पत्ता, नंबर, सगळं उघडं. तेव्हा कुठे गेली होती तुमची ही खासगी माहिती?”

त्यांनी चहा संपवला, कप धुतला, पालथा घातला. मग म्हणाल्या, “डिरेक्टरीत तुमचं नाव होतं. तुमचे केस गळतात, हे नव्हतं.”

हे मात्र खरं होतं. त्याच आठवड्यात मी केसांचं तेल मागवलं होतं आणि तेव्हापासून माझा फोन मला टक्कल पडल्यासारखा वागवत होता.

एक्स्चेंजबद्दल त्या फारसं बोलत नसत. नियम एवढाच सांगत: लाइनवर राहायचं आणि नसल्यासारखं राहायचं. शेजारच्या मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांनी लाइनवर असताना ऐकलं होतं, मुलीच्या आईच्या आधी. “पेढा हातात पडेपर्यंत मी अडाणी,” त्या म्हणाल्या. “पेढा खाल्ला आणि म्हटलं, अय्या, कधी ठरलं?” त्यांच्या तोंडून अय्या हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

खासगी माहिती जपण्याचा कायदा आला, त्याचे नियम निघाले, तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. घरात गोडाचा शिरा केला होता. आपल्याबद्दल कोणाकडे काय लिहिलंय ते विचारता येणार, चुकलं असेल तर दुरुस्त करून मागता येणार, नको असेल तर पुसून टाका म्हणता येणार. मी म्हटलं, “सगळा अंमल अजून सुरू झालेला नाही. टप्प्याटप्प्याने होणार आहे.”

“कायदा रांगतोय. रांगू दे. आपण तोवर चालायला लागू.”

आणि त्या खरोखरच चालायला लागल्या. पहिला मोर्चा कसबा पेठेत. तिथे एका जिन्यावर वधूवर सूचक मंडळ आहे. वडिलांनी त्यांचं नाव तिथे नोंदवलं होतं, त्यांच्या विशीत. मला बरोबर नेलं, कारण जिना अंधारा होता. खुर्चीतल्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि विचारलं, “मुलगा की मुलगी?”

“मुलगी,” त्या म्हणाल्या. “मी.”

गृहस्थांनी चष्मा काढला.

“घाबरू नका, स्थळ नकोय. माझी माहिती परत हवीय. उंची, रंग निमगोरा, पत्रिका, स्वभाव शांत. असेल तर माझ्यासमोर फाडा. नसेल तर नाही म्हणून सांगा.”

“अहो आजी, पन्नास वर्षांपूर्वीचं कुठे असणार? माझ्या वडिलांच्या वेळचं सगळं केव्हाच रद्दीत गेलं.”

“रद्दीत? म्हणजे फाडून?”

“फाडून कशाला? तसंच. पोत्यात भरून.”

जिना उतरलो, गल्लीतून चालत बाहेर आलो, फडके हौदापाशी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. तेव्हा म्हणाल्या, “म्हणजे माझ्या पत्रिकेवर कोणीतरी भेळ खाल्ली.”

मला हसू आलं. त्याही हसल्या असाव्यात, पण रिक्षा आली. घरी पोचल्यावर त्यांनी माझ्या दारातला खोका उचलला, त्यावरचं माझं नाव मला वाचून दाखवलं आणि ओलं फडकं मागितलं. लेबलं खरवडणं तेव्हापासूनचं.

आता फाटकावरच्या अ‍ॅपची गोष्ट. आमच्या कमिटीने ठराव केला की येणाऱ्या प्रत्येक माणसाचा फोटो आणि नंबर वॉचमनने फोनमध्ये घ्यायचा, मग त्याला वर सोडायचं. मीही सही केली. चोऱ्या होत होत्या. महिनाभर चाललं, मग त्या कंपनीचा टाय लावलेला मुलगा पार्किंगमध्ये पडदा लावून सगळ्यांना ‘फायदे’ दाखवायला आला. एक बटण दाबलं तर पडद्यावर खांब उभे राहिले. प्रत्येक फ्लॅटचा एक खांब, महिन्यात कितीजण आले त्याचा.

“बघा, यावरून तुम्हाला सोसायटीची अ‍ॅक्टिव्हिटी कळते,” तो म्हणाला.

कळली. सगळ्यात उंच खांबांमध्ये माझा एक होता. त्याच्या शेजारी, म्हणजे आमच्याच मजल्यावर, जमीन सपाट होती. त्या पुढच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, “अरेरे. आजींकडे कोणीच येत नाही का हो?”

वाईट मनाने नाही, हळहळून म्हणालं. ते जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी ए विंगमधून खीर आली. तिसऱ्या दिवशी हास्यक्लबचं बोलावणं. लिफ्टमध्ये लोक त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. चौथ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या.

“सेक्रेटरी, अ‍ॅपमधून माझी माहिती काढायची आहे.”

“तुमची माहिती आहेच कुठे त्यात? रकाना रिकामा आहे.”

“शून्य हीसुद्धा माझीच माहिती आहे.” काउंटरवरचा पाइपचा एक तुकडा उचलून त्यांनी आरपार पाहिलं. “ज्यांच्याकडे माणसं येतात त्यांना काय लपवायचंय? कोणी येत नाही, ही खासगी गोष्ट असते.”

मी म्हटलं, “माझा खांब बघितलात ना? सगळे कुरिअरवाले होते.”

“ते पडद्यावर लिहिलं नव्हतं. नशीब समजा.”

मी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर, त्यांच्यासमोर. पलीकडचा मुलगा सभ्य होता. “मॅडम, त्या फ्लॅटचा डेटाच झीरो दिसतोय. डिलीट काय करू?”

ऑपरेटर पुढे वाकल्या. “नाहीच ना काही? मग नाही म्हणून दाखवलंत कशाला?”

“मॅम, सिस्टिम आपोआप दाखवते.”

“तिला सांगा, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.”

प्रकरण कमिटीत आलं. मला वाटलं, चेअरमन उडवून लावतील. ते वारज्याचेच, सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या चुलत्यांची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टाय लावलेल्या मुलाला म्हणाले, “आमच्या आजीकडं बी शेवटी शेवटी कोन येत न्हवतं. पन आमी त्ये गावाला दाखवलं न्हाई. खांब काढा त्ये.”

खांब निघाले. खीर यायची थांबायला अजून महिना गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचा मोतीबिंदू पिकला. हॉस्पिटलच्या काउंटरवर मी सोबत होते. फॉर्म भरणारी मुलगी विशीतली, भराभरा टाइप करणारी.

“नातेवाइकांचा नंबर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी माझा नंबर तोंडपाठ सांगितला. मला तर त्यांना माझा नंबर पाठ आहे हेही माहीत नव्हतं.

“नातं?”

“पी.पी.,” त्या म्हणाल्या.

मुलीने मान वर केली, पण मागे रांग होती. तिने काहीतरी टाइप केलं आणि पुढचं विचारलं.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा फोन गल्लीत एखाद्याच घरी असायचा. बाकीचे त्याचा नंबर आपला म्हणून द्यायचे आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचे. म्हणजे हा नंबर शेजाऱ्यांचा आहे, फोन आला तर ते बोलावून आणतील. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे चालायचं. पी.पी.वाल्यांना काही मिळत नसे. स्वयंपाक टाकून गॅलरीत जायचं, हाक मारायची आणि मग मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन भांडी वाजवत बसायचं, म्हणजे बोलणं ऐकू येत नाहीये हे त्या माणसाला कळतं.

त्यांना गाऊन घालून व्हीलचेअरवर बसवलं, मी शेजारी बाकावर बसले. थोड्या वेळाने ऑपरेशन थिएटरच्या दारातून नर्स ओरडली, त्यांचं नाव घेऊन. आणि पुढे म्हणाली, “पेशंटचे पपा कुठे आहेत? पपा आलेत का?”

सगळा हॉल इकडे तिकडे बघायला लागला. व्हीलचेअरवर हिरवा गाऊन घालून शहात्तर वर्षांची बाई, आणि तिचे पपा. मी उठले. कोणीतरी उठायलाच हवं होतं. नर्सने कागद बघितला, मला बघितलं, आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

संध्याकाळी घरी सोडायच्या वेळी मी म्हटलं, “काउंटरवर सांगते, दुरुस्त करतील. तुम्हाला हक्क आहे तो.” गॅसच्या पुस्तकावर आडनावातली एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करून घ्यायला या बाई तीन वेळा गेल्या होत्या. त्या लगेच उठतील असं मला वाटलं.

एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात पाणी. माझा दंड धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, “राहू दे गं. त्या रकान्यात आजवर आडवी रेघ असायची.”

‘गं’ पहिल्यांदाच आलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी पुस्ती जोडली: “सध्या राहू दे.”

त्यानंतर हॉस्पिटलचे फोन मला यायला लागले. थेंब घातले का, पट्टी काढली का. मी शेजारची बेल वाजवायची आणि सांगायची, “ऑपरेटर, तुमचा फोन.” त्या यायच्या, केस नीट करून. मी आत जाऊन भांडी वाजवायची. एकटीच्या भांड्यांचा आवाज तो किती होणार, पण वाजवायची.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी मला नॉमिनी केलं. कायद्यात तशी सोय आहे: आपण गेल्यावर आपल्या माहितीबद्दलचे हक्क दुसऱ्या कोणी बजावावेत असं सांगून ठेवता येतं. सोसायटीत ही बातमी अर्धीच पोचली. चेअरमननी मला जिन्यात गाठलं.

“मॅडम, तुमाला नॉमिनी लावलं म्हनं. फ्लॅट?”

“फ्लॅट भाच्याला. मला माहिती.”

“कसली?”

“त्यांचीच.”

“मग ती इकून काय येनार तुमाला?”

“विकणार नाही म्हणूनच तर मला केलंय.”

त्यांनी बराच विचार केला. “आसं बी आस्तंय का,” म्हणाले आणि खाली गेले.

मी त्यांना विचारलं होतं, नेमकं काय करायचं. त्या गवार निवडत होत्या. “सगळीकडून काढायचं. औषधांचं दुकान, बँक, विमा, सगळीकडून. मी गेल्यावर माझ्या वाढदिवसाला कोणी मशीनने शुभेच्छा पाठवता कामा नयेत.”

“आणि हॉस्पिटल? ते पपांचं?”

त्यांनी एक शेंग मोडली, शीर ओढली. “सध्या राहू दे म्हटलं होतं ना मी?”

“हो.”

“मग सध्या म्हणजे काय ते तुम्हाला कळेल, सेक्रेटरी.” परत ‘तुम्ही’वर आल्या होत्या.

दिवाळीत पाटी घासली आणि पंधरा दिवसांत गेल्या, झोपेत. भाचा आला, चार दिवस राहिला, फ्लॅट विकायला काढून परत गेला. नोटीसबोर्डावर श्रद्धांजली लावायची म्हणून लोक फोटो मागायला आले. मी म्हटलं, फोटो नाही. होता माझ्याकडे. नाही म्हटलं.

मग कामाला लागले. रोज दुकान बंद केल्यावर एकेकाला कळवायचं. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही, त्यांना परत कळवलं. औषधांच्या दुकानातल्या मालकाने माझ्यासमोर कॉम्प्युटरवरून नाव काढलं आणि म्हणाला, “बाई डोकं खायच्या, पण यायच्या.” त्यांचा फोन माझ्याकडेच होता. आधी त्यावर दिवसाला दहाबारा मेसेज यायचे: हप्ता, सवलत, रक्ततपासणी. मी एकेक बंद करत गेले. जानेवारीत त्यांचा वाढदिवस झाला. फोन दिवसभर समोर ठेवला होता. काही वाजलं नाही. म्हणजे काम नीट झालं होतं.

राहिलंय हे एवढंच. हॉस्पिटलच्या त्या एका रकान्यात त्या अजून कोणाच्या तरी कोणीतरी आहेत. ‘हो’ दाबलं तर राहतील. मला अडवणारं कोणी नाही, विचारणारंही नाही. शेजारच्या दारावर आता नवी पाटी आहे, तिच्यावर चार नावं, कुत्र्याचं धरून.

सगळे खोके झाले. लेबलांचा लगदा ओल्या कचऱ्यात टाकला. सुरी धुतली.

इथवर काल लिहिलं. आज सोमवारी सकाळी चहा झाल्यावर मी ‘नाही’ दाबलं. लगेच उत्तर आलं: ‘धन्यवाद. आपल्या पाल्याची माहिती कायमस्वरूपी काढून टाकण्यात आली आहे. आपला दिवस आनंदाचा जावो.’

मी खोके बांधले आणि खाली उतरले. रद्दीवाल्याने ते उलटेसुलटे करून पाहिले. “ताई, लेबलं खरवडता कशाला? वजन तेवढंच भरतं.”

“भरू दे.”

वजन झालं. खोके टेम्पोत टाकून त्याने खिशातून फोन काढला. “नंबर देऊन ठेवा. पुढच्या वेळी फोन करून येतो, म्हणजे खेप वाया नको जायला.”

“नंबर कशाला?” मी म्हटलं. “खालून हाक मार. मी असते.”